बाईकवरून एकट्याने गावी जाताना पहाटे डुलकी का लागते?

गणपतीला मुंबईहून बाईकने एकटेच कोकणात निघणारे बरेच चाकरमानी दिवसभराचं काम उरकून रात्री निघतात. अटल सेतूवर दुचाकीला बंदी, त्यामुळे वाशी-पनवेलवरून राष्ट्रीय महामार्ग ६६. सावंतवाडीपर्यंत अंतर सुमारे ५०० किलोमीटर.

खरा धोका पनवेलला नसतो. शरीराच्या घड्याळानुसार झोपेचा जोर साधारण पहाटे २ ते ५ या वेळेत सर्वाधिक असतो. रात्री दहाला पनवेल सोडलेला माणूस तेव्हा चिपळूण-संगमेश्वरच्या आसपास असतो.

तोंडावर वारा असला की झोप येत नाही, हा गैरसमज आहे. उलट हेल्मेटमधला वाऱ्याचा सततचा आवाज आणि पावसाने भिजलेले कपडे माणसाला आणखी थकवतात. मग डोळे उघडे असतानाही मेंदू काही सेकंद झोपी जाऊ शकतो. याला ‘मायक्रोस्लीप’ म्हणतात. ताशी ६० किलोमीटर वेगात ३ सेकंदांत बाईक ५० मीटर पुढे गेलेली असते. कारमध्ये शेजारचा हाक तरी मारतो. इथे तेही नाही.

मागचे दोन-तीन किलोमीटर कसे गेले ते आठवत नसेल, इंडिकेटर चालूच राहिला असेल, तर थांबायची वेळ झाली. नुसता चहा पिऊन लगेच निघण्यात अर्थ नाही, कारण कॅफिनचा असर जाणवायला साधारण अर्धा तास लागतो. चहा घेऊन तिथेच, उजेडात, १५-२० मिनिटं झोपावं.

आणि घरी ‘सहाला पोचतो’ असं सांगू नये. कुठे थांबलोय, तेवढं कळवावं.