घरी घेतले जाणारे शिरेवाटे पोषण : इतिहास आणि रुग्णाची भूमिका

प्रस्तावना :
अन्न तोंडाने घ्यावे व आतड्यांनी ते पचवून रक्तात मिसळावे, हा शरीराचा नैसर्गिक क्रम होय. आतडे निकामी झाल्यास अथवा शस्त्रक्रियेत त्याचा बहुतांश भाग काढावा लागल्यास हा क्रम खंडित होतो. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अशा रुग्णाचा उपासमारीने होणारा मृत्यू वैद्यकास टाळता येत नव्हता. १९७० नंतर मात्र असे रुग्ण स्वतःच्या घरी राहून वर्षानुवर्षे शिरेवाटे पोषण घेऊ लागले. या बदलाचा इतिहास सामान्यतः शोधक डॉक्टरांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. तथापि उपचाराचे स्थान रुग्णालयातून घरात येताच रुग्ण हाच त्याचा प्रमुख व्यवस्थापक बनला, या बाबीकडे प्रस्तुत निबंधात लक्ष वेधले आहे.

पार्श्वभूमी :
शिरेतून साखरेचे पाणी देण्याची पद्धत जुनीच होती. परंतु जगण्यास पुरेशी ऊर्जा देणारे दाट द्रावण हातापायांच्या लहान शिरांना सोसत नसे. १९५२ मध्ये फ्रेंच शल्यविशारद रॉबर्ट ऑबानियाक यांनी गळपट्टीच्या हाडाखालील मोठ्या शिरेत नलिका घालण्याची पद्धत मांडली. या शिरेतील वेगवान रक्तप्रवाहात दाट द्रावण तत्काळ विरळ होते. स्निग्ध पदार्थांचा प्रश्न स्वीडनमध्ये आर्विद व्रेटलिंड यांनी सोडविला. सोयाबीन तेल व अंड्यातील फॉस्फोलिपिड यांपासून केलेले त्यांचे ‘इंट्रालिपिड’ १९६० च्या दशकाच्या आरंभी तेथे वापरात आले. पुढे पेनसिल्व्हानिया विद्यापीठात स्टॅन्ली डड्रिक, डग्लस विल्मोर, हॅरी वार्स आणि जोनाथन ऱ्होड्स यांनी बीगल जातीची कुत्र्याची पिले केवळ शिरेवाटे पोसून वाढविली. पाठोपाठ एका नवजात अर्भकाचीही वाढ याच मार्गाने झाल्याचे १९६८ मध्ये प्रसिद्ध झाले. केवळ शिरेतून दिलेल्या पोषणावर शरीराची वाढ होऊ शकते, हे यामुळे सिद्ध झाले.

रुग्णालयातून घराकडे :
जीव वाचला तरी रुग्णाने आयुष्यभर रुग्णालयातच राहावे काय, हा पुढचा प्रश्न होता. त्याचे उत्तर मूत्रपिंडाच्या उपचारातून आले. सिएटल येथील बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी १९६० मध्ये वारंवार डायलिसिस करता येईल अशी नलिकाजोडणी तयार केली होती, आणि १९६४ मध्ये तेथे घरी डायलिसिस सुरू झाले होते. रुग्णास शिकविले तर तो यंत्र स्वतः चालवू शकतो, हा त्या प्रयोगाचा धडा होता. १९७० मध्ये स्क्रिब्नर व सहकाऱ्यांनी ‘कृत्रिम आतडे’ ही कल्पना मांडली. १९७३ मध्ये ब्रोव्हिॲक यांच्यासह त्यांनी सिलिकॉन रबराची नलिका वर्णिली. ती त्वचेखालून काही अंतर नेली जाई व तिच्यावरील डॅक्रॉनच्या पट्ट्याभोवती ऊती वाढून ती स्थिर होई. १९७९ मध्ये हिकमन यांनी तिची अधिक रुंद आवृत्ती प्रसिद्ध केली.

याच काळात टोरोंटो येथे खुर्शीद जीजीभॉय यांनी आतडे गमावलेल्या एका महिलेस घरी शिरेवाटे पोषण दिले. २३ महिन्यांचा हा अनुभव १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. जीजीभॉय यांचे वैद्यकीय शिक्षण वेल्लूरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात झाले होते, ही बाब भारतीय वाचकांसाठी उल्लेखनीय ठरावी.

दैनंदिन व्यवस्थापन :
पोषण घरी आले तेव्हा परिचारिकेचे काम रुग्णाच्या व कुटुंबीयांच्या हाती आले. शीतकपाटातील पिशवी वेळेवर बाहेर काढणे, हात काटेकोरपणे धुणे, निर्जंतुक पद्धतीने नलिका जोडणे, पंपाच्या साहाय्याने रात्रभर द्रावण घेणे, सकाळी नलिका धुऊन बंद करणे, तसेच वजन व शरीराबाहेर जाणाऱ्या द्रवाची नोंद ठेवणे, हा नित्यक्रम ठरला. रात्री पोषण घेतल्याने दिवस नोकरी व संसारासाठी मोकळा राहिला. मात्र झोप त्या पंपाशी बांधली गेली. नलिका थेट मोठ्या शिरेत असल्याने क्षणभराची हयगय रक्तातील जंतुसंसर्गास कारण होऊ शकते. म्हणून ताप व थंडी वाजणे ही लक्षणे दिसताच विलंब न करता रुग्णालय गाठणे हा या जीवनाचा पहिला नियम होय.

दीर्घकाळ जगलेल्या या रुग्णांनी पोषणशास्त्रातही भर घातली. साडेतीन वर्षे असे पोषण घेणाऱ्या टोरोंटोच्या एका महिलेचे वजन घटले, चेतातंतू बिघडले व रक्तातील साखर आवरेना. द्रावणात क्रोमियम मिळविल्यावर ही लक्षणे मागे हटली. १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या नोंदीने क्रोमियमचे मानवी पोषणातील स्थान चर्चेत आणले. जस्त व सेलेनियम यांच्या उणिवाही अशाच रुग्णांत स्पष्ट झाल्या.

संघटन व परावलंबन :
अनुभव परस्परांस सांगता यावा म्हणून अमेरिकेत १९८३ मध्ये ‘ओली फाउंडेशन’ व ब्रिटनमध्ये १९८७ मध्ये ‘पिंट’ या संस्था स्थापन झाल्या. स्वावलंबनाची मर्यादा मात्र कायम राहिली. २०१९ मध्ये इंग्लंडमध्ये औषध नियामकांच्या तपासणीनंतर एका प्रमुख उत्पादकाचे काम मंदावले. त्यामुळे अनेक रुग्णांना स्वतःसाठी बनविलेल्या पिशव्यांऐवजी प्रमाणित पिशव्यांवर भागवावे लागले. रुग्ण कितीही कुशल असला तरी त्याचे अन्न दूरच्या कारखान्यात तयार होते, हे यातून दिसले.

समारोप :
या उपचाराचे यश नलिका, द्रावण व पंप यांइतकेच रुग्णाच्या प्रशिक्षणावर उभे आहे. घरातील स्वच्छ जागा, अखंड वीज, शीतकपाट, नियमित पुरवठा आणि अडचणीच्या वेळी उपलब्ध असणारे वैद्यकीय पथक यांच्याविना ते टिकत नाही. भारतासारख्या देशात या सेवेचा विस्तार करताना केवळ द्रावणाच्या किमतीचा विचार पुरेसा नाही. रुग्णास शिकविणे व त्याच्या कुटुंबाच्या श्रमाची दखल घेणे हाही उपचाराचाच भाग आहे, हे या इतिहासातून स्पष्ट होते.