नांगराच्या निशाणीपासून डिजिटल सहीपर्यंत

नागपंचमीमुळे बत्तीस शिराळा महाराष्ट्रभर ठाऊक आहे. वारणा-मोरणेच्या खोऱ्यातला हा तालुका १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यात होता. त्या वर्षी दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली पडले. जिल्हे बदलले, त्याआधी राज्ये बदलली आणि प्रत्येक राज्याबरोबर कागदावरचा शिक्काही बदलला. शेते मात्र जागच्या जागी राहिली. आता त्याच शेतांच्या सात-बारावर तलाठ्याची शाईची सही नसते. १ मे २०१८ पासून राज्य सरकारने डिजिटल सहीचा उतारा लोकांसाठी खुला केला आणि पुढे पंधरा रुपये भरून तो घरबसल्या मिळू लागला. या सहीवर विश्वास कशाच्या जोरावर ठेवायचा, हा प्रश्न जुन्या कागदांच्या सोबतीने तपासण्याजोगा आहे.

मराठेशाहीत वतनाचा तंटा गोतसभेपुढे येई. निवाडा झाला की महजर लिहिला जाई आणि हजर असलेल्यांची नावे त्यावर येत. ज्याला लिहिता येत नसे तो निशाणी करी. पाटील-कुणब्यांची नांगराची, तर सुतार, चांभार, न्हावी अशा बलुतेदारांची आपापल्या हत्याराची. या निशाण्या दिसायला साध्या होत्या आणि कोणालाही काढता आल्या असत्या. त्यांचे वजन रेघेत नव्हते, माणसाच्या हजेरीत होते. ‘मी तेथे होतो आणि हे मला ठाऊक आहे’ एवढेच ती निशाणी सांगे. पुढे वाद उभा राहिला तर निशाणी करणाऱ्याला बोलावून विचारता येई.

सरकारी पत्रांची रीत वेगळी होती. माथ्यावर शिक्का आणि मजकूर संपताच मोर्तब. मोर्तबेच्या खाली कोणी ओळ वाढवली तर ती बनावट, हे उघड होई. लांब कागद चिकटवून केलेला असेल तर सांध्यावरही शिक्का उमटवीत, म्हणजे मधला बंद काढून दुसरा घालता येऊ नये. पत्र रवाना होताना पाठीवर ‘बार’ पडे, दफ्तरात नोंद राही. तरीही अक्षर बदलण्याची भीती होतीच. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला, त्याभोवतीची ‘ध’चा ‘मा’ केल्याची कथा इतिहास म्हणून सिद्ध नसेल, पण एका अक्षराने काय घडू शकते याची लोकांना वाटणारी धास्ती तिच्यात नेमकी उतरली आहे.

डिजिटल सही या धास्तीवरचाच उपाय आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० पासून लागू झाला आणि अशा सहीला मान्यता मिळाली. तिची रीत अशी: संगणक संपूर्ण मजकुराचा गणिताने एक ठरावीक लांबीचा गोषवारा काढतो. एक काना बदलला तरी हा गोषवारा पार वेगळा येतो. सही करणाऱ्याजवळच्या गुप्त किल्लीने त्या गोषवाऱ्यावर सही होते आणि जोडीच्या उघड किल्लीने ती कोणालाही पडताळता येते. ती उघड किल्ली अमुक माणसाचीच आहे, हे परवानाधारक संस्था प्रमाणपत्राने सांगते. या संस्थांवर केंद्र सरकारचा नियंत्रक असतो.

हे सारे वेब अॅप्लिकेशनमध्ये बसवताना खरी कसोटी लागते. गुप्त किल्ली बहुधा पेनड्राइव्हसारख्या डोंगलमध्ये असते आणि ब्राउझरला तिला थेट हात लावता येत नाही. पूर्वी जावा अॅप्लेट हे काम करीत. २०१५ च्या सुमारास ब्राउझरांनी त्यांचा आधार काढायला सुरुवात केली, तेव्हा सही करणाऱ्याच्या संगणकावर वेगळा छोटा प्रोग्राम बसवावा लागू लागला. सर्व्हरवर आणखी बाबी ठरवाव्या लागतात: कोणते मूळ प्रमाणपत्र विश्वासाचे मानायचे, रद्द झालेल्या प्रमाणपत्रांची यादी केव्हा तपासायची, सहीची वेळ कोणत्या घड्याळावरून घ्यायची आणि कोणत्या माणसाला कोणत्या कामावर सही करू द्यायची. बदली झालेल्याचा अधिकार काढायचा राहिला, तर जुन्या हुद्द्याच्या नावाने नवे कागद निघू शकतात. जुन्या दफ्तरातला शिक्का कोणाच्या ताब्यात असावा, हाच हा प्रश्न आहे.

उताऱ्याची पीडीएफ उघडल्यावर पुष्कळदा सहीवर पिवळे प्रश्नचिन्ह दिसते आणि शेतकरी घाबरतो. बहुतेक वेळा कागद खोटा नसतो. त्या संगणकातल्या प्रोग्रामला भारताचे मूळ प्रमाणपत्र ओळखीचे नसते, इतकेच. छापील प्रतीवर तर सही पडताळता येतच नाही. तिथे उताऱ्यावरचा पडताळणी क्रमांक संकेतस्थळावर घालून पाहावा लागतो.

पण याहून मोठी गोष्ट पुढे आहे. डिजिटल सही सांगते की मजकूर बदललेला नाही आणि अमुक किल्ली वापरली गेली. मजकूर खरा आहे, हे ती सांगत नाही. वारसाचे नाव गळले असेल, क्षेत्र चुकले असेल, तर चूकही तितक्याच भक्कमपणे मोहोरबंद होते. डोंगल आणि पिन दुसऱ्याच्या हाती दिले असतील, तर सही गणिताने खरी ठरते आणि माणूस मात्र तेथे हजर नसतो. नांगराच्या निशाणीत जे मुख्य होते, तेच निसटते.

महसूल खात्याला हे ठाऊक नव्हते असे नाही. डिजिटल सही येण्याच्या आदल्या वर्षी, २०१७ मध्ये, राज्यभर चावडी वाचन झाले. संगणकातले उतारे गावापुढे वाचून चुका शोधायच्या, असा तो बेत होता. लेखनातली चूक निघाली तर जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १५५ खाली ती दुरुस्त होते. गोतसभा आणि चावडी यांच्यात शतकांचे अंतर आहे, पण काम एकच: ज्यांना शेत ठाऊक आहे त्यांनी कागद ऐकायचा आणि चुकला तेथे बोलायचे. हे काम कोणत्याही प्रोग्रामने होणारे नाही. म्हणून चावडी वाचन एका मोहिमेपुरते न राहता ठरावीक वर्षांनी होत राहायला हवे आणि शिराळ्यातल्या शेतकऱ्यानेही पंधरा रुपयांचा उतारा घडी घालून ठेवण्याआधी एकदा वाचायला हवा.