चोवीस फुटी रिंगणातला घोडा

मोटारगाडी विकत घेण्यास निघालेला गृहस्थ किमतीच्या खालोखाल ज्या आकड्याची चौकशी करतो, तो आकडा अश्वशक्तीचा असतो. आणि ज्या यंत्राने घोड्याला राजरस्त्यावरून कायमचे बाजूस सारले, त्याच यंत्राचे बळ आजही घोड्याच्याच नावाने सांगितले जावे, ही गोष्ट आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यातील नवल आपल्याला जाणवेनासे झाले आहे. हा घोडा मूळचा कोठला, तो कोणत्या कामाला जुंपलेला होता आणि त्याचे बळ कोणी व कशासाठी मोजले, याचा माग काढू लागले म्हणजे आपण मोटारीच्या जन्माच्याही शंभर वर्षे मागे जाऊन इंग्लंडातील एका व्यापारी कराराच्या कागदांपाशी येऊन थांबतो.

यंत्राची तुलना घोड्याशी करण्याची कल्पना त्याहूनही जुनी आहे. खाणीतील पाणी उपसणाऱ्या आपल्या यंत्राची महती सांगताना टॉमस सेव्हरी याने १७०२ साली असे लिहून ठेवले की, एका वेळी दोन घोडे करतील तेवढे काम करणारे यंत्र प्रत्यक्षात दहा-बारा घोड्यांची जागा भरून काढते, कारण घोडे थकतात व ते पाळीपाळीने बदलावे लागतात. परंतु एका घोड्याचे काम म्हणजे नेमके किती, हा प्रश्न सेव्हरीने सोडवला नाही. तो सोडवणे भाग पडले ते जेम्स वॉट याला, आणि तेही शास्त्रीय जिज्ञासेपेक्षा वसुलीच्या निकडीपोटी.

वॉटने आपल्या सुधारलेल्या वाफेच्या यंत्राची सनद १७६९ साली मिळवली आणि १७७५ पासून मॅथ्यू बोल्टन याच्या भागीदारीत बर्मिंगहॅमनजीकच्या सोहो येथून व्यवसाय मांडला. कॉर्नवॉलच्या खाणमालकांशी त्यांचा करार असा असे, की जुन्या न्यूकमेन यंत्राच्या मानाने जेवढा कोळसा वाचेल, त्याच्या किमतीचा तिसरा हिस्सा सनदेच्या मुदतीत भागीदारांना पोचता व्हावा. खाणीपुरता हा हिशेब चोख होता. पण १७८१ नंतर वॉटचे यंत्र चाक फिरवू लागले आणि पिठाच्या गिरण्या, लाकूडकापीचे कारखाने व मद्यनिर्मितीच्या भट्ट्या यांची गिऱ्हाइके दाराशी येऊ लागली, तेव्हा हा शिरस्ता कोलमडला. या मंडळींकडे जुने यंत्र नव्हतेच, मग वाचलेला कोळसा मोजायचा कशाशी? त्यांच्याकडे होते ते घोडे.

मध्यभागी उभा खांब, खांबाला जोडलेला लांब आडवा दांडा आणि त्याच्या टोकाला जुंपलेला, दिवसभर त्याच रिंगणातून चालणारा घोडा, असे घोड्यांवर चालणाऱ्या गिरणीचे रूप होते. १७८२ सालच्या आपल्या हिशेबवहीत वॉटने एका कारागिराकडून मिळालेली माहिती टिपून ठेवली आहे : रिंगणाचा व्यास २४ फूट, मिनिटाला फेरे सुमारे अडीच आणि घोड्याची ओढ १८० पौंडांची. परीघ, फेरे आणि ओढ यांचा गुणाकार तेहतीस हजारांच्या आसपास येतो. त्यावरून वॉटने ३३,००० हा सोयीचा आकडा कायम केला. एका मिनिटात ३३,००० पौंड वजन एक फूट उचलणे, ही झाली एक अश्वशक्ती. ज्याने विहिरीवर मोट चालताना पाहिली असेल, त्याला हे गणित समजावून सांगावे लागणार नाही. बैल धावेवरून उतरू लागले की नाडा ताणतो, भरलेली मोट वर येते आणि थारोळ्यात रिती होते. भार किती, तो किती उंच चढला आणि त्यास किती वेळ लागला, या तिहींखेरीज शक्ती म्हणून चौथे काही नसते.

वॉटचे हे माप एका अर्थी उदार होते. दिवसभर राबणाऱ्या सामान्य घोड्याच्या हातून सरासरी एवढे काम होत नाही. म्हणून दहा अश्वशक्तीचे यंत्र घेणाऱ्याला दहा घोड्यांहून उणे काम पदरात पडल्याची तक्रार करण्यास जागा उरली नाही. उलट क्षणभराच्या जोराचा विचार केला तर घोडा या मापाच्या कितीतरी पुढे जातो. अमेरिकेतील आयोवा येथे १९२५ साली झालेल्या ओढशर्यतींच्या नोंदी तपासून १९९३ साली दोन संशोधकांनी दाखवून दिले, की काही क्षणांपुरता एक घोडा सुमारे पंधरा अश्वशक्ती लावू शकतो.

मोटारीच्या इतिहासाकडे वळले म्हणजे याहून मोठे आश्चर्य दिसते. कार्ल बेन्झ याने १८८६ साली ज्या तीनचाकी गाडीची सनद घेतली, तिचे बळ अवघे पाऊण अश्वशक्तीचे होते. म्हणजे जगातील ही आद्य मोटार वॉटच्या एका घोड्याचीही बरोबरी करू शकत नव्हती. १९०८ साली आलेल्या फोर्डच्या ‘मॉडेल टी’ गाडीत हे बळ वीस अश्वशक्तीवर गेले, आणि १९८३ साली आपल्याकडील मध्यमवर्गाच्या दाराशी जिने प्रथमच मोटार उभी केली, ती मारुती ८०० चाळिशीच्या आतलीच होती.

पुढे सरकारी महसुलाने या घोड्यावर आपला हात ठेवला. ब्रिटनमध्ये १९२१ पासून दर अश्वशक्तीस एक पौंड याप्रमाणे मोटारकर आकारला जाऊ लागला. परंतु ही करापुरती अश्वशक्ती इंजिनाच्या नळकांड्यांची संख्या व व्यास एवढ्यावरूनच ठरे, दट्ट्याच्या धावेची लांबी हिशेबात धरली जात नसे. परिणामी तेथील कारखानदार अरुंद आणि लांब धावेची नळकांडी बनवू लागले व कित्येक वर्षे इंजिनाच्या घडणीवर कराच्या सूत्राची छाप राहिली. फ्रान्समध्ये १९४८ साली अवतरलेल्या सित्रोएनच्या प्रसिद्ध ‘दू शव्हो’ गाडीचे नावच मुळी ‘दोन घोडे’. मात्र हे दोन घोडे कराच्या दफ्तरातले, इंजिनाची खरी शक्ती सुमारे नऊ अश्वशक्तींची होती.

घोड्याचे वजनही देशागणिक बदलले. युरोपखंडात ७५ किलो वजन सेकंदाला एक मीटर उचलणे ही अश्वशक्ती मानली गेली, आणि ती ब्रिटिश अश्वशक्तीहून सुमारे दीड टक्क्याने हलकी भरते. जाहिरातींतील ‘बीएचपी’ या अक्षरांत ब्रेकचा उल्लेख आहे, कारण फिरत्या दांड्याला घर्षणाने रोखून त्याचे बळ मोजण्याची युक्ती गास्पार द प्रोनी याने १८२१ साली काढली. अखेर १८८२ साली ब्रिटिश शास्त्रज्ञांच्या सभेत शक्तीच्या एककास ‘वॅट’ हे नाव देण्यात आले. घोड्याला माप बनवणारा माणूस स्वतःच माप बनला, आणि त्याचा तो घोडा ७४६ वॅटचा ठरला.

असे असूनही घोडा हटला नाही. आपल्या खेड्यांत ‘मोटर चालू केली’ म्हणजे गाडी नव्हे, विहिरीवरचा पंप. आणि तो पंप तीन, पाच किंवा साडेसात एचपीचाच असतो. जे माप ग्राहकाच्या तबेल्यातून उचलले जाते तेच लोकांच्या जिभेवर टिकते, आणि वॉटचे खरे चातुर्य मी यातच मानतो : न पाहिलेल्या यंत्राचे मोल त्याने गिऱ्हाइकाला त्याच्याच घोड्याच्या श्रमात समजावून दिले. म्हणून वाचकहो, पंपावरील पट्टीवर ‘५ एचपी’ ही अक्षरे पुन्हा दिसतील तेव्हा त्यांचा अर्थ एकदा मनाशी मांडून पाहा. दहा मीटर खोल विहिरीतून सेकंदाला सुमारे अडतीस लिटर पाणी वर आणण्याचे ते बळ आहे. घर्षणात व पंपात त्यातील बराच वाटा खर्ची पडतो, पण मोजणी होते ती चोवीस फुटी रिंगणातून चाललेल्या त्या घोड्याच्याच पावलांनी.