एकाच दुखण्याची पाच नावं

आमच्या धंद्यात एक वाईट खोड आहे. बग सुटत नसला की त्याचं नाव बदलायचं. मग तो कधी 'नोन इश्यू' होतो, कधी 'पुढच्या रिलीजमध्ये बघू' होतो. बग तिथेच असतो. गेले दोन वीकेंड युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या मानसिक दुखण्याबद्दल वाचतोय आणि ही खोड सारखी आठवतेय. फरक इतकाच, की तिथे नाव बदललं की माणसाचं नशीबही बदलायचं.

१६८८ मध्ये योहानेस होफर या स्विस डॉक्टरने घरापासून दूर खंगत जाणाऱ्यांच्या दुखण्याला 'नॉस्टाल्जिया' म्हटलं. पुढे ते नाव परमुलखात लढणाऱ्या भाडोत्री सैनिकांना चिकटलं. अमेरिकन यादवी युद्धानंतर, १८७१ मध्ये, जेकब दा कोस्टाने सैनिकांच्या छातीतल्या धडधडीवर लिहिलं. ते झालं 'सोल्जर्स हार्ट'. १९१५ मध्ये चार्ल्स मायर्सने 'लॅन्सेट'मध्ये 'शेल शॉक' हा शब्द वापरला. आधी वाटलं, तोफगोळा जवळ फुटल्याने मेंदूला धक्का बसत असेल. पण ज्यांच्या आसपास गोळा फुटलाच नव्हता तेही थरथरायला लागले. मग सेनेला प्रश्न पडला, ही जखम की भित्रेपणा?

उत्तर काय निघालं ते हॅरी फारच्या बाबतीत दिसतं. हा ब्रिटिश शिपाई १९१५ मध्ये शेल शॉकने पाच महिने इस्पितळात होता. हात इतके थरथरायचे की बायकोला पत्रं नर्सने लिहून द्यावी लागायची. बरा झाला असं ठरवून परत पाठवला. सप्टेंबर १९१६ मध्ये सोमच्या लढाईत त्याने पुढे जायला नकार दिला. २ ऑक्टोबरला कोर्ट मार्शल. त्याची बाजू मांडायला कोणी नाही, सगळा खटला साधारण वीस मिनिटांत आटोपला. त्याच ऑक्टोबरात एका पहाटे आपल्याच लोकांनी त्याला गोळ्या घातल्या. वय २५. बायकोचं पेन्शन बंद झालं. लाजेपायी तिने ही गोष्ट कित्येक वर्षं कुणाला सांगितली नाही.

त्याला माफी मिळाली २००६ मध्ये, अशाच आणखी ३०५ जणांबरोबर. नव्वद वर्षांनी!

मधल्या काळात शिकलेलं सगळं विसरून झालं होतं. दुसऱ्या महायुद्धात नवं नाव आलं, 'कॉम्बॅट फटीग'. ऑगस्ट १९४३ मध्ये सिसिलीतल्या इस्पितळांत जनरल पॅटनने अशा दोन सैनिकांना भित्रट म्हणून थोबाडीत मारली. त्यातल्या एकाला तर मलेरियाही होता. आयझेनहॉवरने पॅटनला माफी मागायला लावली.

खरा बदल झाला व्हिएतनामनंतर. १९७० च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये परतलेले सैनिक स्वतःच गोल करून बसायला, बोलायला लागले. खाइम शटान आणि रॉबर्ट लिफ्टन हे मानसोपचारतज्ज्ञ त्यांच्यात जाऊन बसले, ऐकायला. त्या रेट्यातून १९८० मध्ये पाचवं नाव अधिकृत झालं, पीटीएसडी. आणि गंमत बघा, त्यानंतर दुसऱ्या महायुद्धातले म्हातारे आजोबाही डॉक्टरांकडे यायला लागले. चाळीस वर्षं रात्री दचकून उठत होते, पण मुलांच्या पिढीने तोंड उघडेपर्यंत गप्प होते. पहिल्यांदाच बग रिपोर्ट खुद्द युजरने लिहिला होता, म्हणून हे नाव टिकलं.

आणि आपल्याकडे? १९१६ मध्ये मेसोपोटेमियात कुतच्या वेढ्यात मराठा पलटणीही होत्या. पाच महिन्यांची उपासमार, मग शरणागती, मग तुर्कांची कैद. साताऱ्याजवळच्या आपशिंगे (मिलिटरी) गावात पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या ४६ जणांचं स्मारक आहे. जे जिवंत परत आले, त्यांच्या रात्री कशा गेल्या हे कुठल्या दगडावर लिहिलंय? "लढाईवरनं आल्यापासनं जरा तापट झालाय" एवढ्यावर घरच्यांनी भागवलं असणार.

डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या एएफएमसीत सैनिक आणि त्यांच्या कुटुंबांसाठी टेलि-मानसचा खास कक्ष सुरू झाला. टेलि-मानसचा नंबर १४४१६, तो सगळ्यांसाठी आहे. तुमच्या घरात, सोसायटीत कुणी निवृत्त फौजी काका असतील तर पुढच्या वेळी १९७१ च्या किंवा कारगिलच्या शौर्यकथा जरूर ऐका. पण सांगता सांगता ते मध्येच गप्प झाले, तर घाईने विषय बदलू नका. बसून राहा.

असो. पुन्हा भेटू पुढच्या शनिवारी.