हाली, कलदार आणि बोरमाळ

जीजीच्या, म्हणजे माझ्या आजीच्या, हिशोबात रुपये दोन प्रकारचे होते. एक हाली, दुसरा कलदार. हाली निजामाचा, चारमिनारच्या चित्राचा. कलदार इंग्रजांचा, राजाच्या मुखवट्याचा. ती जालन्याला सून म्हणून आली तेव्हा जालना मोगलाईत, निजामाच्या राज्यात, होतं आणि तिचं माहेर, देऊळगाव राजा, वऱ्हाडात, म्हणजे इंग्रजी अमलात. बैलगाडीनं सकाळी निघालं की दिवेलागणीला पोचावं एवढंच अंतर. पण वाटेत करोडगिरीचा, जकात वसुलीचा नाका लागे, आणि नाका ओलांडला की कनवटीच्या पैशाची किंमत बदले. तिकडे म्हणायचे 'वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड', इकडे म्हणायचे 'जालना सोने का पालना'. जीजीचं यावर एकच बोलणं असे : "माहेरी कुऱ्हाड, सासरी पाळणा. सोनं बाई सगळं म्हणीतच."

या दोन रुपयांचा पक्का दर नानांना पाठ होता. नाना आजोबांचे धाकटे भाऊ, जालन्याच्या एका जिनिंगमध्ये मुनीम. शंभर कलदारांना एकशे सोळा रुपये दहा आणे आठ पै हाली. म्हातारपणी कालचं जेवण आठवत नसे, पण हा आकडा ते झोपेतही सांगत. सोपा करून सांगायचा तर सात हालीला सहा कलदार. हा दर आला कुठून, हे मला बरंच नंतर उमगलं. कलदार ११.६६ ग्रॅमचा, त्यात शंभरात जवळजवळ ९२ भाग चांदी. हाली ११.१८ ग्रॅमचा, त्यात चांदी ८२ भागांच्या आसपास. गुणाकार करून पाहा : एकात दहा ग्रॅम सत्तर, दुसऱ्यात नऊ ग्रॅम पंधरा. सातास सहा. दर हैदराबादेत ठरलेला असो की कलकत्त्यात, कुठल्याही सोनाराला तो तराजूत घालून तपासता येत होता. त्या पिढीचा रुपयावर जो काही विश्वास होता तो एवढ्याच गोष्टीवर होता, असं मला वाटतं. सरकारवर तो कधीच नव्हता.

कलदार बरोबर तोळाभर वजनाचा असे. त्यामुळे आमच्या सोनारकाकांच्या तराजूत वजन म्हणून रुपयाच पडे. मसाल्याच्या दुकानातसुद्धा जिरं-मिरं रुपयाभार मिळे. तोळ्याचे बारा मासे, माशाच्या आठ गुंजा. लाल गुंजा एका पितळी डबीत असायच्या. सोनारकाका रुपया घेताना तो आधी दगडी उंबऱ्यावर टाकत आणि मान वाकडी करून ऐकत. नाद लांबला तर ठीक. चटकन बसला तर रुपया परत गिऱ्हाइकाच्या हातात, तोंडानं एक शब्द न बोलता.

जीजीच्या आठवणीतली पहिली सोन्याची गोष्ट मात्र सोनं जाण्याची आहे. ती आठ-नऊ वर्षांची असेल. वर्ष १९३१. जगभर मंदी, कापसाचे भाव कोसळलेले, आणि शेतसारा होता तेवढाच. त्या सप्टेंबरात इंग्लंडनं पौंडाचं सोन्याशी असलेलं नातं तोडलं. रुपया पौंडाला एक शिलिंग सहा पेन्सांनी बांधलेला, तोही पौंडाबरोबर घसरला. सरकारी हिशोबात तोळ्याला २१ रुपये ३ आणे १० पै असलेलं सोनं बघता बघता तिशीकडे निघालं. देऊळगावच्या पेठेत मोडीचं सोनं घेणारे दलाल दिसू लागले. जीजीच्या वडिलांनी बायकोचे गोठ त्यांना दिले. "भाव चांगला आला म्हणून विकले," असं घरात सांगितलं जाई. जीजीची आई मात्र ऐकणाऱ्याला म्हणे, "भाव चांगला होता तर दुसऱ्यानं काहून विकले नाहीत? ज्याच्या दारात सावकार उभा, त्यानंच विकले." असं घराघरातून निघालेलं सोनं मुंबई बंदरातून विलायतेला गेलं. हा एक-सहाचा दर आपल्याला महाग पडतो, तो एक शिलिंग चार पेन्सांवर आणा, ही मागणी गांधीजींनी १९३०च्या आपल्या अकरा मागण्यांत घातली होती. मिठाचा कर तेवढा लोकांच्या लक्षात राहिला. त्याआधी, १९२३ मध्ये, बाबासाहेब आंबेडकरांनी लंडनमध्ये रुपयाच्या प्रश्नावर अख्खा ग्रंथ लिहिला. रुपयाचे पौंडात किती येतात यापेक्षा रुपयात धान्य किती येतं हे बघा, आणि चलन वाढवायचं की आवळायचं हे सरकारच्या मर्जीवर सोडू नका, असा त्याचा रोख. जीजीच्या आईला यातलं अक्षर माहीत असण्याचं कारण नव्हतं. तिचं मत तेच होतं.

मग १९४० साल. लढाईच्या धास्तीनं लोकांनी नोटा देऊन चांदीचे रुपये घरात भरायला सुरुवात केली. सरकारनं गरजेबाहेर नाणी जमवणं गुन्हा ठरवलं आणि एक रुपयाची नोट पुन्हा काढली. पहिल्या महायुद्धात, १९१७ ला, एकदा ती काढून झालीच होती. चाळीस सालीच रुपयातली चांदीही निम्म्यावर आणली. वजन तेच, आकार तोच, मुखवटाही राजाचाच. सोनारकाकांच्या तराजूला फरक कळेना, उंबऱ्याला कळला. लढाई संपेपर्यंत देशातल्या नोटा सहा-सात पट झाल्या होत्या. इंग्रज इथला माल नोटा छापून उचलत आणि त्याबदली लंडनमध्ये वहीत जमा मांडून ठेवत. नाना म्हणत, "उधारीच ती. फक्त वाण्यानं गिऱ्हाइकाकडून घेतली तर उधारी, राजानं घेतली तर लढाईखर्च."

जीजीच्या माहेरी जात्याखाली पुरलेल्या मडक्यात राणीछाप रुपये होते. १९४१च्या एप्रिलपासून ते चलनातून बाद झाले. बातमी उशिरा पोचली आणि घरात आधी रडारड झाली. मग पुढे चांदी चढल्यावर सोनारकाकांनी ते वजनावर घेतले, आणि एका बाद रुपयाचे एका चालू रुपयाहून जास्त आले. हा किस्सा आमच्या घरात इतक्या वेळा सांगितला गेला की पुढे नोटांविषयी कोणी चांगलं बोलू लागलं, की म्हातारी माणसं नुसतं "मडकं" म्हणत आणि विषय संपे.

म्हणून १९४८ मध्ये आजोबांनी जे केलं ते मला समजू शकतं. स्वातंत्र्यानंतर निजामानं भारताशी जैसे थे करार केला आणि पाठोपाठ दोन फर्मानं काढली : हिंदुस्थानचा पैसा संस्थानात चालणार नाही, आणि सोनं-चांदी संस्थानाबाहेर हिंदुस्थानात नेता येणार नाही. रझाकारांचा धुमाकूळ होताच. जानेवारीच्या शेवटी नांदेडकडे उमरीची बँक स्टेट काँग्रेसच्या तरुणांनी लुटली, लाखांची रक्कम नेली, ही बातमी जिनिंगमध्ये आली तेव्हा नानांनी पहिला प्रश्न विचारला म्हणे, "हाली का कलदार?"

आजोबांकडे त्या सालच्या कापसाचे पैसे होते. सगळे हाली, सगळे नोटांत. निजाम गेला तर या नोटा चुलीत घालायच्या, असं गावभर बोललं जाई. पेठेतला एक सावकार मात्र हाली घेत होता, बट्टा लावून. आधी आठाला सहा, मग दहाला सहा. कलदार तो उघड देत नसे, सोनं देई. उन्हाळ्यात एका रात्री आजोबा नोटांची पिशवी घेऊन गेले आणि बोरमाळ घेऊन आले. नव्यासारखी दिसणारी, मण्यांना उत्तम झळाळी असलेली. सोनाराला दाखवायला वेळ नव्हता आणि तसं धाडसही नव्हतं.

दोन दिवसांनी जीजी पोरांना घेऊन माहेरी निघाली. बोरमाळ गळ्यात, वरून मंगळसूत्र, त्यावर घट्ट पदर. नाक्यावर बायकांची झडती घ्यायला एक म्हातारी बसवलेली होती. तिनं जीजीच्या गळ्यावरून पदरावरूनच हात फिरवला. जीजी सांगायची, म्हातारीची बोटं एकेक मणी मोजत गेली. मग ती जीजीच्या कडेवरच्या पोराकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे, बघून म्हणाली, "जा बेटी, बच्चे को धूप लग रही है." पुढे कितीतरी वर्षं उन्हाळा लागला की जीजी त्या बाईला दुवा द्यायची. नाव तिनं विचारलं नव्हतं.

१३ सप्टेंबरला भारताच्या फौजा आत आल्या, १७ला निजामानं शरणागती पत्करली. आणि हाली? हालीला काहीच झालं नाही. भारत सरकारनं सातास सहाचा दर तसाच ठेवला. १९५० मध्ये भारतीय रुपया शेजारी चालू लागला, मग हालीचं नवं चलन थांबलं, पण तो पुरता बाद झाला तो १९५९ मध्ये. म्हणजे आजोबांनी त्या नोटा नुसत्या फळीवर ठेवल्या असत्या तर एक पैही बुडाली नसती. बट्ट्यात गेलेले पैसे सावकाराच्या माडीत दिसत होते. नाना हे आजोबांना आयुष्यभर ऐकवत राहिले. जीजीला ते पटत नसे. या बोरमाळेवर विहीर खोदली, ती सोडवून आणली. पोराला औरंगाबादेत शिकवलं, पुन्हा गहाण, पुन्हा सोडवली. बहात्तरच्या दुष्काळात ती जवळजवळ वर्षभर सावकाराच्याच तिजोरीत होती. "फळीवरच्या नोटांनी एवढं केलं असतं का?" ती विचारे. मला विचाराल तर केलं असतं. नोटा पतपेढीत ठेवल्या असत्या तर व्याजासकट. पण फळीवरच्या नोटा लग्ना-बारशांत केव्हाच उडाल्या असत्या, हेही तितकंच खरं. बायकोच्या गळ्यातलं मागताना नवरा चार वेळा विचार करतो.

सोन्यावरही सरकारची वक्रदृष्टी होते हे या घराला १९६३ मध्ये कळलं. चीनच्या युद्धानंतर अर्थमंत्री मोरारजी देसाईंनी सुवर्ण नियंत्रण आणलं : नवा दागिना चौदा कॅरेटच्या वर घडवायचा नाही. चोवीस भागांत चौदा भाग सोनं, बाकी तांबं-चांदी. हेतू समजण्याजोगा होता. परदेशी चलन नाही आणि चोरटं सोनं धोधो येतंय. चार वर्षांपूर्वीच, तस्करीपायी, आखाती देशांसाठी रिझर्व्ह बँकेला रुपयाच्या वेगळ्या नोटा काढाव्या लागल्या होत्या. पण चौदा कॅरेटचं कोणाला नको होतं. सोनारकाकांची भट्टी विझली. देशभरातून सोनारांच्या आत्महत्यांच्या बातम्या येत होत्या. सोनारकाका एका तेलाच्या गिरणीत डबे भरायला जाऊ लागले. कसोटीच्या दगडावर रेघ ओढून अर्धी गुंज खोट सांगणारा माणूस.

त्याच वैशाखात माझ्या आत्याचं लग्न होतं. जीजीनं जुन्या पुतळ्या मोडायला काढल्या आणि रात्री सोनारकाकांना माजघरात बोलावलं. खिडक्यांना घोंगडी लावली. काकांनी शेगडी, मूस आणि फुंकणी धोतरात गुंडाळून आणली होती. आत्या आजही सांगते, की फुंकणीचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून तिला जात्यावर बसवलं होतं, नवरीला, मध्यरात्री, दळायला. पाटल्या बावीस कॅरेटच्या झाल्या. काकांनी मजुरी घेतली नाही, दोन पायली ज्वारी नेली. पुढे मोरारजी कामराज योजनेत मंत्रिमंडळाबाहेर पडले, नियम सैल झाले, १९६६ मध्ये चौदा कॅरेटची अट गेली. १९६८चा कायदा मात्र राहिला, तो कोकणच्या मधू दंडवत्यांनी अर्थमंत्री असताना १९९० मध्ये रद्द केला. सोनारकाका तोवर राहिले नव्हते. त्यांचा मुलगा सायकलची पंक्चर काढतो.

दंडवत्यांनंतर वर्षभरातच देशाकडे दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतंच परकीय चलन उरलं. वीस टन सोनं आधीच स्वित्झर्लंडला गेलं होतं, जुलै १९९१ मध्ये आणखी सत्तेचाळीस टन विलायतेत गहाण पडलं, आणि रुपयाचं दोन टप्प्यांत अवमूल्यन झालं. मी जीजीला पेपर वाचून दाखवला. टीव्हीवर लोक हळहळत होते, देशाची अब्रू गेली म्हणत होते. जीजीनं शांतपणे सुपारी कातरली.

"व्याज किती लावलं?"

मला माहीत नव्हतं.

"मग काय वाचतो?"

आता दहा ग्रॅम सोन्यानं लाखाचा टप्पा ओलांडला आहे. रिझर्व्ह बँकेनं इंग्लंडात ठेवलेलं शंभर टन सोनं माघारी आणलं आणि मुंबई-नागपूरच्या तिजोऱ्यांत नंतरही भर घातली. जीजी गेल्यावर बोरमाळ आत्याकडे आली होती. यंदा नातवंडांत वाटण्यासाठी ती मोडायची ठरली, म्हणून आत्याबरोबर मी जालन्याच्या सराफ्यात गेलो. वजनाला घसघशीत. तरुण सराफानं एक मणी कापला, चिमट्यात धरून ज्योतीवर नेला. काळपट लाल लाख वितळून खाली पडली. बोरमाळेचे मणी पोकळ असतात, आत लाख भरतात, वर सोन्याचा पत्रा. हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. पण इथे पत्रा अगदीच पातळ होता आणि लाख ठासून भरलेली. यंत्रावर कसाचा आकडा मात्र चोख आला. सोनं खरं होतं, फक्त थोडं होतं. त्यानं लाख वेगळी तोलून दाखवली, कॅल्क्युलेटर आत्यापुढे केला आणि जरा ओशाळून म्हणाला, "मावशी, लाखेचे पैसे धरता येत नाहीत."

"सावकारानं धरले होते की," आत्या म्हणाली. "अन् तेही हालीत."