आलेख शिकवायचाय? भिंतीवरच्या कॅलेंडरपासून सुरुवात करा

जूनमध्ये पावसाचे दिवस जास्त होते की उन्हाचे? घरात विचारून बघा. प्रत्येकाचं उत्तर वेगळं येईल आणि प्रत्येकाला आपलंच खरं वाटेल. सहा-सात वर्षांच्या मुलाला माहिती गोळा करायला शिकवायचं असेल, तर प्रश्न असाच हवा. उत्तर आत्ता कुणालाच ठाऊक नाही, पण नोंद ठेवली तर कळेल.

रोज संध्याकाळी मुलाने कॅलेंडरच्या त्या तारखेच्या चौकोनात एक छोटं चित्र काढायचं: सूर्य, ढग किंवा छत्री. पहिल्याच आठवड्यात अडचण येते. सकाळी ऊन होतं आणि दुपारी सर आली, मग काय काढायचं? इथे घाईने उत्तर देऊ नका. मुलालाच नियम ठरवू द्या आणि तो महिनाभर बदलू नका. हा पोरखेळ नाही. भारतीय हवामान विभागालाही असा नियम ठरवावा लागतो: दिवसभरात २.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस झाला, तरच तो दिवस 'पावसाचा' धरतात.

महिनाअखेर मोजणी

आता ताळ्याच्या खुणा. चार उभ्या रेघा आणि पाचवी त्यांच्यावर आडवी, की झाला पाचाचा एक गठ्ठा. मोजताना पाचाचा पाढा म्हणत जायचं. (चीन आणि जपानमध्ये यासाठी पाच फटकाऱ्यांचं एक अक्षर टप्प्याटप्प्याने लिहितात.)

समजा, छत्र्या १४, ढग ९ आणि सूर्य ६ आले. बेरीज २९. पण जूनचे दिवस तर ३०! एक चौकोन रिकामा राहिलाय, बहुतेक लग्नाला गावी गेलात तेव्हाचा. मूल म्हणेल, "तिथे छत्री काढू का? पाऊसच असेल." माझ्या मते या सगळ्या खटाटोपात याहून महत्त्वाचा क्षण नाही. तिथे अंदाजाने चित्र काढायचं नाही. 'नोंद नाही' असा चौथा रकाना करायचा आणि त्यात १ लिहायचा.

आकड्यांचं चित्र

लगेच कागदावर जाऊ नका. आधी रिकाम्या काडेपेट्या किंवा बाटल्यांची झाकणं घ्या. एका दिवसाला एक, अशा रांगा शेजारी शेजारी लावा. सगळ्या रांगा एकाच रेषेपासून सुरू व्हायला हव्यात. मग चौकटीच्या वहीत तशीच चित्रं काढली की चित्रालेख तयार. बहुतेक मुलं एक चूक करतात. सूर्य मोठा काढतात, ढग लहान, मग ६ सूर्यांची रांग ९ ढगांपेक्षा लांब दिसते. 'एका चौकोनात एकच चित्र' म्हटलं की हे सुटतं. 'एक चित्र म्हणजे ५ दिवस' असं प्रमाण नंतर. पहिलीत त्याची गरज नाही.

चित्रांऐवजी चौकोन रंगवले की झाला स्तंभालेख. विल्यम प्लेफेअरने १७८६ मध्ये छापलेला स्तंभालेखही अडचणीतूनच आला. स्कॉटलंडच्या व्यापाराचे एकाच वर्षाचे आकडे हाती होते, त्यामुळे वर्षागणिक चढउतार दाखवणारी रेघ काढता येईना. म्हणून त्याने स्तंभ काढले.

आलेख भिंतीवर लावून थांबू नका. ढगांपेक्षा छत्र्या किती जास्त? सगळ्यात कमी काय? सप्टेंबरमध्ये असंच येईल का?

आणि एक खेळ. ४८ आणि ५० या आकड्यांचे दोन स्तंभ काढा, पण खालची रेघ शून्याऐवजी ४५ वर ठेवा. एक स्तंभ ३ चौकोनांचा, दुसरा ५ चा. फरक फक्त २ चा, पण दिसताना दुसरा दीडपटीहून उंच. मग फोनवर फॉरवर्ड होऊन आलेला एखादा आलेख उघडा आणि त्याची खालची रेघ कुठून सुरू होते, ते मुलाला शोधायला सांगा.