बंदुकीचा भरवसा आणि माळढोक

सोलापूरहून बार्शी रस्त्याने वीसेक किलोमीटर गेले की नान्नजचा माळ लागतो. १९७९ साली येथे माळढोक अभयारण्य जाहीर झाले. हा पक्षी दुर्मीळ का झाला, याचे एक उत्तर बंदुकीच्या इतिहासात सापडते.

चकमकीच्या बंदुकीत ठिणगी आधी बाहेरच्या दारूवर पडे, मग बार उडे. दारू दमट असली तर तोही उडत नसे. अशा बेभरवशाच्या बंदुकांच्या काळातही, १८०९ ते १८२९ दरम्यान, रॉबर्ट मॅन्सफील्डने नगरच्या मुलखात ९६१ माळढोक मारल्याची नोंद आहे.

चकमकीचा भपका पाहून पक्षी सावध होत. म्हणून फोरसिथ या स्कॉटिश धर्मोपदेशकाने १८०७ साली आघाताने पेटणाऱ्या रसायनाचे पेटंट घेतले. १८३५ च्या सुमारास लफोशेचे काडतूस आले. १९३१ साली ब्राउनिंगची एकावर एक नळ्यांची, उंची इंग्रजी बंदुकांहून स्वस्त बंदूक निघाली. पुढे शिकाऱ्याच्या हाती जीपगाडीही आली.

वास्तविक लिगोव्स्कीने १८८० सालीच नेमबाजीसाठी मातीची थाळी तयार केली होती. नेम तपासायला पक्षी मारण्याची गरज उरली नव्हती. आपल्याकडे माळढोकाला कायद्याचे पूर्ण संरक्षण १९७२ साली मिळाले.

मॅन्सफील्डची सरासरी वर्षाला ४८ पक्ष्यांची. मादी एका वेळी बहुधा एकच अंडे घालते. समजा, वर्षाला एका मादीचे एकच अंडे आणि तिनांतले एकच पिल्लू जगले. तर एका शिकाऱ्याची तूट भरून काढायला किती माद्या लागतील? हे गणित आपण वर्गात जरूर घालू या.